दिसलीस तरच गाडी मागे

आमच्या मामांबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. मी स्वतः त्यांना दिवसभर बोलत असते, ती गोष्ट वेगळी. तेवढा हक्क मी कमावलाय. मामा कचरागाडी चालवतात आणि मी त्याच गाडीच्या मागच्या पायरीवर उभी असते. गल्लीत शिरलो की उतरायचं, भरलेले डबे ओढत आणायचे, गाडीच्या मागच्या तोंडात उलटे करायचे आणि रिकामे परत जागेवर लावायचे. डब्यांना चाकं असतात, पण त्यातलं एक नेहमी मोडकंच. ते कोण मोडतं देव जाणे.

मामा हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही. गंमत म्हणजे त्यांना सख्खी, चुलत, मावस कसलीच बहीण नाही, म्हणजे ते कोणाचे मामा व्हायची सोयच नव्हती. तरी सगळा डेपो त्यांना मामा म्हणतो. मुकादम वयाने त्यांच्यापेक्षा मोठे, तेही म्हणतात. मला मात्र सगळे भोंगा म्हणतात, आणि ते कोणी ठेवलं हे मला पक्कं ठाऊक आहे. मामांनीच. गाडी आतला कचरा दाबायला लागली की अशी घरघरते की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या घरघरीच्या वरून ऐकू जाईल असा आवाज अख्ख्या डेपोत माझा एकटीचा. सासूबाई म्हणतात, हिला फोन कशाला घेऊन दिलाय, वाया गेला.

मामांसारखा ड्रायव्हर मी दुसरा बघितला नाही. चपला खाली काढून, आतल्या स्वच्छ सपाता घालून गाडीत बसतात. कचऱ्याच्या गाडीत, बरं का! मागे आम्ही गुडघ्यापर्यंत बरबटलेले आणि पुढे ह्यांचा दिवाणखाना. सीटवर मामींनी शिवलेली उशी, खिडकीत ओला वर्तमानपत्राचा बोळा, काच पुसायला. गाडीला ‘बाईसाहेब’ म्हणतात. “चला बाईसाहेब, चढ आहे, जपून.” हॉर्न वाजवणं त्यांना पटत नाही, म्हणतात लोक अजून झोपेतून उठतायत. कोणी आडवं घुसलं तर शिवी देत नाहीत, नुसतं “असू दे, घाईत असेल” म्हणतात, आणि मग त्यांच्या वाटणीच्या शिव्या मलाच द्याव्या लागतात.

एकाच गोष्टीत मामांना तोरा होता. गाडी मागे घेण्यात. आमच्या भागात अशा गल्ल्या आहेत की आत गाडी वळवायला जागाच नाही. तोंडाशी थांबायचं आणि उलटं आत शिरायचं, दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये हातभर फट. बाकीचे ड्रायव्हर माना वेळावून घामाघूम होतात. मामा कोपर खिडकीबाहेर टाकून, समोर बघत, गाडी अशी आत घालायचे की बघणारे म्हणायचे, ह्यांना पाठीला डोळे आहेत की काय. डोळे बिळे काही नव्हते. थापा होत्या.

थापा म्हणजे आम्ही गाडीच्या पत्र्यावर हाताने मारायचो त्या. मागे उभ्या असलेल्याने पत्र्यावर एक थाप मारली की ‘येऊ दे’. दोन मारल्या की ‘थांब’. बस, एवढीच भाषा. कामाला लागले त्या दिवशी मला ती कोणी शिकवलीसुद्धा नाही, बघून बघून आली. तुम्ही म्हणाल गाडीला कॅमेरा नसतो का? असतो. त्याच्यावर सकाळी पहिल्याच गल्लीत कचऱ्याचं पाणी उडतं आणि मग दिवसभर पडद्यावर नुसतं धुकं. मागे घेताना वाजणारी पींपीं पण आहे. पण रोज तीच पींपीं ऐकणाऱ्याला ती ऐकू यायची बंद होते. सगळा भरवसा थापेवर.

मग पलीकडचा डेपो बंद झाला आणि तिथली माणसं आमच्या गाड्यांवर वाटली गेली. आमच्या गाडीवर एक उंच, काटकुळा, भिडस्त गडी आला. प्रत्येक वाक्याची सुरुवात “आमच्या तिकडे”. आमच्या तिकडे डबे असे लावायचे, आमच्या तिकडे चहा आधी प्यायचे. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव तिकडचा पडलंसुद्धा. मला ताई म्हणायचा, आणि इतकं हळू बोलायचा की मला वाटायचं ह्याला एकदा हलवून बघावं, आवाज आत कुठे अडकलाय का. पण कामाला वाघ. आल्या आल्या जड डबे स्वतःहून घ्यायला लागला, म्हणून मी त्याचं ‘आमच्या तिकडे’ पोटात घातलं.

त्या सकाळी आम्ही बेकरीच्या मागच्या गल्लीत शिरत होतो. ही गल्ली म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात अरुंद. शेवटी आडवी भिंत, भिंतीला टेकून बेकरीचे डबे, वरती धुराडं, आणि पाव भाजल्याचा असला वास की रिकाम्या पोटी जीव जातो. मी पुढे चालत जाऊन डबे मोकळे करत होते. तिकडचा गाडीच्या बाजूला थापेसाठी, आज पहिल्यांदाच; तोवर थापा मीच मारायचे. मामा नेहमीप्रमाणे कोपर बाहेर टाकून. गाडी आत कचरा दाबत होती, त्यामुळे घरघर चालू, आणि घरघरीवरून माझ्या तोंडाचा पट्टा चालू. बेकरीवाल्याने डब्यात पीठ भिजवलेलं पाणी ओतलं होतं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते मी.

एका डब्याचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. मी वाकून ते उपसायला लागले. पाठ गाडीकडे, तोंड भिंतीकडे. तिकडच्याने मला बघितलं आणि पत्र्यावर थाप मारली. एक.

गाडी मागे आली. मी म्हटलं थांबेल. त्याने परत थाप मारली, जोरात, जीव खाऊन. एकच. गाडी आणखी मागे आली, आणि आता जरा झटपट, कारण मामांना वाटलं मागे मोकळं रान आहे, पोरगं हुरूपाने बोलवतंय. मी वळून बघितलं तर गाडीचं मागचं तोंड माझ्या छातीसमोर. डबा माझ्या आणि गाडीच्या मध्ये चेपायला लागला. प्लॅस्टिकचा डबा मोडताना कसा आवाज करतो ते मला त्या दिवशी कळलं. तिकडचा ओरडत होता, पण त्याचं ओरडणं म्हणजे दुसऱ्याचं कुजबुजणं. आणि मी, भोंगा, अख्ख्या डेपोचा भोंगा, माझ्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही. श्वासच आत राहिला.

गाडी थांबली.

पाठ भिंतीला, पोटावर मोडका डबा, आणि डब्यापलीकडे गाडी. मी आडवी आडवी सरकत बाहेर आले. एक ओरखडा नाही. तरी मी तिथेच गटाराच्या कडेला बसले. मामा खाली उतरून धावत आले, सपाता घालूनच, चिखलातून. मी अंगाने धड आहे हे त्यांनी दोनदा हात लावून बघितलं.

“थांबलात कसे?” मी विचारलं. आवाज आता परत आला होता.

“तू गप्प झालीस,” मामा म्हणाले. “इतक्या वर्षांत तू कधी गप्प झाली नाहीस गं. मला वाटलं काहीतरी झालं.”

आणि ते माझ्या शेजारी बसले. त्यांचे हात थरथरत होते. हात मांडीखाली दाबून धरले तरी थांबेनात.

माझा जीव ठिकाणावर आल्यावर माझं पहिलं काम काय, तर मी उठून तिकडच्याच्या अंगावर धावून गेले. त्याची गचांडी धरली. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो बिचारा नुसता रडत होता. “ताई, मी थांबा म्हणालो. दोनदा थांबा म्हणालो.” मला वाटलं खोटं बोलतोय, वरून तोंड वर करून! डेपोत पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि तिथे सगळे त्याला फाडून खायला टपलेले.

मुकादमांनी दार लावून घेतलं. आत आम्ही तिघं आणि ते. मुकादम म्हणजे सदा घाईत असलेला माणूस, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात चहा, चहा रोज गार होतो. पण त्या दिवशी फोन उलटा करून ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “थाप कशी मारलीस ते दाखव.”

तिकडच्याने टेबलावर थाप मारली. एक.

“अरे, हे तर ‘ये’ झालं,” मुकादम म्हणाले.

“नाही साहेब. आमच्या तिकडे हे ‘थांब’.”

“आणि ‘ये’ कसं?”

त्याने दोन थापा मारल्या.

माझा राग असा उतरला की मला स्वतःचीच लाज वाटली. एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता. सुचणार तरी कसा? तुम्ही नव्या शेजाऱ्याला विचारता का, की बाबा, तुझ्याकडे ‘हो’ म्हणताना मान कशी हलवतात?

मुकादमांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. तेव्हा मला उमगलं. तिकडचा काही एकटा आला नव्हता. त्याच्या डेपोची माणसं बाकीच्या गाड्यांवरही होती, आणि त्या गाड्या ह्या क्षणी कुठल्या ना कुठल्या गल्लीत उलट्या शिरत होत्या. मुकादमांनी फोन उचलला. एकेका ड्रायव्हरला लावत सुटले. “आहेस तिथे गाडी उभी कर. मागे एक इंच घेऊ नकोस. का ते नंतर सांगतो, आधी उभी कर!” एकाने उचलला नाही. परत लावला, परत नाही. आम्ही तिघं श्वास रोखून त्या फोनकडे बघत होतो. शेवटी त्याचाच उलट फोन आला, मुतारीत होतो म्हणाला. मुकादम खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, “मुतारीत होता. वा! फार छान झालं.” मुतारीत गेल्याबद्दल एखाद्याचं इतकं कौतुक झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही सगळेच येड्यासारखे हसायला लागलो.

मामा हसले नाहीत. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“मामा, तुमची काही चूक नाही,” मुकादम म्हणाले. “उद्यापासून सगळे आपल्याच थापा मारतील. मी नियम करतो.”

“करा,” मामा म्हणाले. “पण थाप ती थाप. कुठे शटर पडलं, कोणी खोकं आपटलं, तीही थापच. मी कान देऊन चालवत होतो, साहेब. मागे कोण आहे ते न बघता. मला नाही आता जमायचं.”

आणि ते गेले ते खरंच परत आले नाहीत. म्हणजे डेपोत यायचे, पण डबे धुण्याच्या हौदावर. नळी हातात धरून दिवसभर डबे धुवायचे. आमच्या गाडीवर बदलीचा ड्रायव्हर आला. त्याला चालवता येत होतं, नाही कोण म्हणतंय, पण गाडीत बसताना तो चपला काढत नव्हता आणि हॉर्न तर असा दाबून धरायचा की जणू तो कुठे पळून जाणार आहे. मामांची उशी त्याने उचलून मागे टाकली. मी ती घेतली, झटकली आणि मामांच्या घरी न्यायची असं ठरवलं. खरं तर उशी हे निमित्त. मला मामांना चार खडे बोल सुनवायचे होते. तिकडच्यालाही बरोबर घेतलं, कारण तो रोज विचारायचा, “ताई, मामा माझ्यामुळे उतरले ना?” मला ते ऐकून ऐकून वीट आला होता.

दार मामींनी उघडलं. मामी म्हणजे ठेंगण्या, गोल, चष्मा कपाळावर सरकवलेला. आम्हाला बघून त्यांना हायसंच वाटलं. “बरं झालं बाई आलीस. ह्या माणसाने मला वेड लावायचं बाकी ठेवलंय.” मामा आत स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होते. माझ्याकडे बघून कसनुसं हसले.

“कपाटाचं दार लावताना मागे वळून बघतात,” मामी सांगायला लागल्या. “खुर्ची मागे सरकवायची तर मला हाक मारतात, मागे कोणी आहे का गं? मागे भिंत आहे. लग्न झाल्यापासून तीच भिंत आहे. काल मिक्सर लावताना म्हणाले, जरा बाजूला हो. अहो, मिक्सर काय पळत येणारे का माझ्या अंगावर?”

मी हसले, पण मामा मान खाली घालून मटार सोलत राहिले, तेव्हा मी हसू आवरलं. हा माणूस घाबरला होता. पार आतून घाबरला होता. आणि गाडी सोडली तर ह्या माणसाचं उरतं काय? मी ठरवलेले खडे बोल विसरले आणि म्हणाले, “मामा, मी जिवंत आहे. ही बघा. खाते, पिते, भांडते.”

“म्हणूनच नको,” ते म्हणाले. “एकदा वाचलीस. परत तसं झालं तर मी काय करू?”

तिकडचा दारातच उभा होता. त्याने आणलेली संत्र्यांची पिशवी पुढे केली आणि त्याच्या त्या मांजराच्या आवाजात म्हणाला, “मामा, मी ओरडलो होतो. तुम्हाला ऐकू गेलं नाही.”

“ऐकू कसं जाणार?” मामी मध्येच कडाडल्या. “मी ह्यांच्या पाठीमागून घसा कोरडा करते, ह्यांच्या कानात काही शिरत नाही. मी शहाणी झालेय. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहते. तोंड दिसलं की मग, ‘अगं, बोल ना!’”

मामांचा हात मटारावर थांबला. त्यांनी मान वर करून मामींकडे बघितलं. मामी म्हणाल्या, “आता काय झालं? खोटं बोलतेय का मी?”

मामा उठले आणि मोरीतून दाढीचा आरसा घेऊन आले. तिकडच्याला म्हणाले, “त्या पॅसेजमध्ये माझ्या मागे उभा राहा. आरशात मला तुझं तोंड दिसेल असा. हात वर धर. हात वर आणि तोंड दिसतंय तोवर मी मागे येणार. हात खाली आला की थांबणार. आणि तोंड दिसेनासं झालं, का ते न विचारता थांबणार.”

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते शेजाऱ्यांनी बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. मामा दाढीचा आरसा तोंडासमोर धरून उलटे चालतायत, तिकडचा हात वर करून मागे मागे सरकतोय, आणि मामी “अहो, स्टूल! स्टूल आहे!” म्हणेपर्यंत मामा स्टुलावर धडकले.

“मला स्टूल नाही दिसलं,” मामा गुडघा चोळत म्हणाले. पण डोळ्यांत काहीतरी परत आलं होतं. “खालचं आरशात दिसत नाही. ते त्याने बघायचं. मी त्याला बघायचं, त्याने बाकी सगळं बघायचं. परत चल.” मग मी मुद्दाम तिकडच्याला हाताने धरून स्वयंपाकघरात ओढला. मामा पॅसेजच्या मध्यात खिळल्यासारखे थांबले. आम्ही आत संत्रं सोलून खाल्लं. मामा तिथेच उभे. “मामा, या ना आता,” मी हाक मारली. “दिसल्याशिवाय नाही,” ते बाहेरून म्हणाले. मामी पदराने डोळे पुसत हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी मुकादमांसमोर हेच करून दाखवलं. बाकीचे ड्रायव्हर पोट धरून हसले. “मामा, आरसा बघताच आहात तर पावडर पण लावून घ्या!” एकजण म्हणाला, अशाने दुपार होईल फेरी संपायला, लोक तक्रारी करतील. मुकादम म्हणाले, “तक्रारीचे फोन कोण घेतं? मी घेतो. लोकांचं बोलणं माझ्या कानाला नवीन नाही. तसला दिवस मला परत नकोय.” आणि किल्ली मामांच्या पुढे धरली. मामांनी ती घेतली, पण अशी, की जणू तापलेली आहे. मला म्हणाले, “आज जमलं तर जमलं. नाही तर हौदावरच बरा.”

आम्ही त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबलो. मामांनी सपाता घातल्या, उशी नीट केली, काच पुसली, परत पुसली. मी जाऊन मागे उभी राहिले, ड्रायव्हरच्या बाजूला, भिंतीला लागून. गाडीच्या दाराजवळच्या आरशात मामांचा चेहरा दिसत होता, एवढासा. घाम आला होता त्यांना. मला हात वर करायला भीती वाटली, खरं सांगते. माझी पाठ त्या भिंतीला विसरली नव्हती. पण मी हात वर केला.

बाईसाहेब हलल्या. हळू, माणसाच्या चालीने. मी मागे सरकत होते, मामा येत होते. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर हॉर्न सुरू झाले होते, कोणाला तरी दुकान उघडायची घाई. मामा माझ्यावरून नजर काढत नव्हते. अर्धी गल्ली झाली. बेकरीचं धुराडं आलं. मी मनात म्हणत होते, झालंच आता, थोडं राहिलं.

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीतलं एक लहानसं दार उघडलं आणि एक म्हातारी बाई बाहेर आली. काठी टेकत, मान खाली, सरळ गाडीच्या मागे. तिला गाडी दिसली नाही की दिसूनही तिने मोजली नाही, कोण जाणे. आणि मी काय केलं? हात खाली करायचा, थांबवायचं, हे सगळं घोकलेलं डोक्यातून साफ गेलं. मी धावले. चालत्या गाडीच्या मागून, आडवी, म्हातारीला धरायला. कोणी सांगितलं असतं तर मीच त्याच्या कानाखाली वाजवली असती, असलं वेड्यासारखं काम. तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, डोळे घट्ट मिटले आणि भिंतीला चिकटले.

काही झालं नाही.

मी डोळे उघडले. गाडी जिथे होती तिथेच उभी होती. आमच्यापासून चांगली लांब, मध्ये अजून एक हातगाडी मावली असती. मी आरशाबाहेर पाऊल टाकलं त्याच क्षणी ती थांबली होती. मी ओरडले नव्हते, थाप नव्हती, हात नव्हता. रस्त्यावरचे हॉर्न आता एकसुरात बोंबलत होते, आणि गाडी मात्र ढिम्म.

“सोड गं बाई,” म्हातारी म्हणाली. “काय आवळतेस? आणि ती गाडी एवढ्या लांब का थांबवलीय? जवळ घ्या की, का कचरा मी आणून टाकू?”

मी तिला सोडलं. ती काठी टेकत, पुटपुटत निघून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना, आणि मी हसतही होते. तिकडचा मागे भिंतीपाशी बेकरीचा डबा धरून माझ्याकडे बघत तोही हसत होता. असं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दार उघडल्याचा आवाज झाला. मामा सपातांसकट खाली उतरून गाडीला वळसा घालून आले. माझ्याकडे बघितलं, लांब चाललेल्या म्हातारीकडे बघितलं, मग गाडी आणि भिंत ह्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे.

“दिसली नाहीस,” ते म्हणाले.

“म्हातारी होती हो. मी आपली...”

“काहीही असो. दिसली नाहीस, थांबलो.” त्यांनी स्वतःचे हात पुढे धरले, पालथे करून बघितले. हात स्थिर होते. त्यांच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला, मला वाटलं आता किल्ली माझ्या हातात देऊन हौदावर जाणार, तोवर ते वळलेसुद्धा. सपाता झटकल्या आणि आपण होऊन वर चढले. दार लावलं.

“ये गं बाई आरशात,” आतून ओरडले, “कामं पडलीत!”